वॉशिंग्टनचं पोस्टल म्युझियम, एका आरएमएसवाल्याच्या नजरेतून

मुलीकडे व्हर्जिनियात दोन महिने राहिलो. परतीच्या आधी एक दिवस मोकळा होता, तेव्हा तिने विचारलं, "बाबा, विमानांचं म्युझियम बघायचं की दुसरं काही?" मी म्हटलं, पोस्टाचं. जावईबापू हसले. सदतीस वर्षं नागपूर आरएमएसमध्ये, म्हणजे पोस्टाच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, टपाल वेगळं करत काढली, अजून पोट भरलं नाही का, असा त्या हसण्याचा अर्थ होता. नाही भरलं. शिवाय माझा हिशेब साधा होता: पोस्टाच्या म्युझियममध्ये विमानंही आहेत, विमानांच्या म्युझियममध्ये माझं सॉर्टिंग टेबल थोडंच असणार!

आधी कामाचं सांगतो. स्मिथसोनियन संस्थेचं हे नॅशनल पोस्टल म्युझियम युनियन स्टेशनला खेटून आहे. मेट्रोच्या रेड लाइनने उतरा, बाहेर या, शेजारचीच दगडी इमारत. प्रवेश फुकट. पंचवीस डिसेंबर सोडला तर रोज सकाळी दहा ते साडेपाच. दारात बॅगा तपासतात. इमारत १९१४ ची, आणि ती मुळातच शहराचं मुख्य पोस्ट ऑफिस म्हणून बांधलेली. १९८६ पर्यंत तिथे खरंच टपाल चालायचं, म्युझियम झालं १९९३ ला. म्हणजे पोस्टाचं म्युझियम पोस्टातच. आत शिरल्यावर जुन्या काउंटरांचा मोठा दिवाणखाना लागतो, संगमरवर, पितळ, उंच छत. आमच्या नागपूरच्या जीपीओची आठवण आली, पण इथे कुणी "फॉर्म भरून आणा" म्हणत नव्हतं.

न्याहारी घरून करून जा. स्टेशनातल्या एका दुकानात आम्ही चहा घेतला. कागदी पेल्यात गरम पाणी, त्यावर तरंगणारी पुडी, आणि त्याचे आपले पैसे केले तर नागपुरात चार जणांचे तर्री पोहे होतील. आमच्या हिने एक घोट घेतला आणि पेला तसाच माझ्या हातात दिला.

आता मुद्द्याचं. मुख्य दालन तळघराच्या पातळीवर आहे, सरकत्या जिन्याने खाली उतरावं लागतं. सगळे घाईने उतरतात. तुम्ही उतरू नका. जिन्याच्या वरच्या टोकाला कठड्याशी थांबा. कारण त्या नव्वद फूट उंच काचेच्या छताखाली टपालाची तीन विमानं टांगलेली आहेत, आणि खाली गेलात की फक्त त्यांची पोटं दिसतात. वरून पाहिलं की बसायची जागा, पंखांच्या तारा, नाकाचा बाक, सगळं नीट नजरेत येतं. मी आधी खाली जाऊन अर्धा तास मान वर करून पाहत राहिलो, मग शहाणपण सुचलं. रात्री मानेला बाम लावावा लागला. लहानशी दुर्बीण असेल तर न्या.

तिन्हीत सगळ्यांत जुनं विमान म्हणजे वाइजमन-कुक. १९११ चं. त्याला विमान म्हणायचं ते मोठेपणाने. मला तर ते मांडवाचा सांगाडा उडायला निघाल्यासारखं वाटलं. लाकडी काठ्या, कापड, तारा, आणि मध्ये माणूस उघड्यावर बसलेला. फ्रेड वाइजमन हा मोटारींच्या शर्यतीत धावणारा गडी. १७ फेब्रुवारी १९११ ला कॅलिफोर्नियात पेटालुमाहून सँटा रोझाला निघाला. जवळ तीन पत्रं, वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि थोडा वाणसौदा. अंतर आपल्या नागपूर-कामठीच्या दुपटीहून कमीच, पण इंजिनाने दगा दिला, मध्येच उतरावं लागलं, आणि उरलेली मजल दुसऱ्या दिवशी झाली.

मी नातीला म्हटलं, तीन पत्रं म्हणजे टपाल नव्हे, तो निरोप झाला. शेजारी जाणाऱ्याच्या हाती आपण चिठ्ठी देतो ना, तसा. टपाल कशाला म्हणायचं? ज्याची थैली बांधली, जिच्यावर लेबल लागलं, शिक्का पडला, आणि पोचल्यावर दुसऱ्या माणसाने मोजून घेतलं, त्याला. आणि तसं पाहिलं तर दुसऱ्याच दिवशी, १८ फेब्रुवारी १९११ ला, आपल्या अलाहाबादला काय झालं ते तिला सांगितलं. तिथे मोठं प्रदर्शन भरलं होतं. आंरी पेके नावाचा तेवीस वर्षांचा फ्रेंच वैमानिक हंबर-सोमर जातीच्या विमानात साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं घेऊन यमुनेपलीकडे नैनीला उतरला. तेरा मिनिटं, साधारण सहा मैल. आणि प्रत्येक पत्रावर खास शिक्का: वर्तुळात विमानाचं चित्र, 'फर्स्ट एरियल पोस्ट' अशी अक्षरं, गडद गुलाबी शाई. जगातलं पहिलं अधिकृत विमान टपाल म्हणतात ते हेच. वाइजमनच्या पाठीशी गावच्या पोस्टमास्तरांची संमती होती, वरच्या खात्याची नव्हती.

नात म्हणाली, "पण आजोबा, ते एक दिवस आधी उडाले." उडाले बाई. तारखेपुरतं खरं आहे तुझं.

दुसरं विमान डी हॅविलँड डीएच-४, आणि खरं सांगायचं तर बहुतेक लोक यासाठीच वर पाहतात. दिसायलाही तेच रुबाबदार: दोन मजली पंख, लांब नाक, अंगावर 'यू.एस. मेल' अशी अक्षरं. मूळ आराखडा इंग्रजांचा, पहिल्या महायुद्धात बॉम्ब टाकायला केलेला, मग अमेरिकेत चारशे अश्वशक्तीचं लिबर्टी इंजिन बसवून बनवलेला. युद्ध संपलं, विमानं पडून राहिली, ती पोस्टाने घेतली. हे वाचून मला हसू आलं. सरकारी खातं इथलं काय नि तिथलं काय, दुसऱ्या खात्याची उतरलेली गाडी पोस्टाच्या गळ्यात!

पण त्यांनी ती तशीच वापरली नाही, आणि इथे माझं लक्ष वेधलं गेलं. मूळ विमानात वैमानिक पुढे, इंजिनाला लागून बसायचा, आणि त्याच्या पाठीशी पेट्रोलची टाकी. आपटलं की पुढून इंजिन, मागून टाकी, मध्ये माणूस. लोक त्याला जळती शवपेटी म्हणायचे. पोस्टाने काय केलं, तर वैमानिकाला मागच्या जागेवर नेलं आणि पुढच्या जागी टपालाचा कप्पा केला. पाचशे पौंड टपाल मावायचं. म्हणजे धोक्याच्या जागी थैल्या बसवल्या आणि माणूस मागे घेतला. नोकरीच्या सगळ्या वर्षांत आम्हाला शिकवलं ते उलटं: आधी थैली, मग तू.

तरीसुद्धा माणसं मेली. १९१८ ते १९२७ या काळात अमेरिकी पोस्टाचे तीसहून अधिक वैमानिक गेले. रेडिओ नाही, नकाशे अर्धवट, आगगाडीचे रूळ पाहत पाहत जायचं, धुकं आलं की अजून खाली. छताला टांगलेलं हे विमान स्वतःच त्यातून वाचलेलं आहे. १९२२ च्या डिसेंबरात युटाच्या डोंगरात बर्फावर कोसळलेलं. त्याचा वैमानिक हेन्री बून्स्ट्रा बर्फ तुडवत माणसांच्या वस्तीपर्यंत पोचला आणि जगला.

रात्रीच्या उड्डाणाची गोष्ट तर मी हिला दोनदा वाचून दाखवली. २२ फेब्रुवारी १९२१ ची रात्र. टपाल विमानाने रात्रीही नेता येतं हे दाखवायचं होतं, नाहीतर सरकार पैसे बंद करणार होतं. जॅक नाइट नावाचा वैमानिक नेब्रास्कातल्या नॉर्थ प्लॅटहून ओमाहाला आला. तिथून पुढे दुसऱ्याने न्यायचं ठरलेलं, तो आलाच नाही. हवा वाईट. नाइटने तो रस्ता कधी रात्री पाहिलेला नव्हता. तरी निघाला, वाटेत आयोवा सिटीला बर्फात उतरून तेल भरलं, आणि सकाळी शिकागो गाठलं. वाटेवर लोकांनी शेकोट्या पेटवून ठेवल्या होत्या. सॅन फ्रान्सिस्को ते न्यू यॉर्क टपाल तेहतीस तास वीस मिनिटांत पोचलं.

डबल ड्यूटी म्हणतात ती हीच. रिलीव्हर आला नाही म्हणून पुढचा सेक्शनही आपणच करायचा, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. मी बडनेऱ्याला एकदा केलंय. पण माझ्या डब्याला छप्पर होतं.

इथे थोडं आडवाटेला जातो, कारण त्या जिन्याशी उभं राहून मी खरं तर वॉशिंग्टनला नव्हतोच. मी सोनेगावच्या विमानतळावर होतो. साल १९६४, मी अकरा वर्षांचा. वडीलही आरएमएसमध्येच. एका थंडीच्या रात्री मला सायकलवर पुढे बसवून त्यांनी विमानं दाखवायला नेलं. नागपूरबाहेरच्या लोकांना हे ठाऊक नसतं म्हणून सांगतो: १९४९ पासून देशाचं रात्रीचं विमान टपाल आमच्या नागपुरात येऊन बदलायचं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारी शहरांतून रात्री एकेक डाकोटा निघायचं. मध्यरात्रीच्या सुमारास चौघंही सोनेगावला उतरायची, आपसांत थैल्या बदलायची आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परत. १९४९ च्याच एप्रिलपासून साधं पत्रही जादा पैसे न घेता विमानाने जायला लागलं होतं. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं कार्ड कलकत्त्यात सकाळी.

ऐकायला हे सुरेख वाटतं. वडिलांनी त्यातलं गणित सांगितलं. चार विमानं, प्रत्येकाच्या पोटात उरलेल्या तिघांसाठी माल. म्हणजे बारा ढीग. शिवाय नागपूरचा आपला वेगळा. अंधार, कंदिलासारखे दिवे, चार सारखी दिसणारी विमानं, आणि हातात घड्याळ. मद्रासची एक थैली दिल्लीच्या विमानात गेली की ती परत फिरून यायला अख्खी रात्र. डाकोटाचं शेपूट जमिनीला टेकलेलं असतं, त्यामुळे आतली जमीन चढणीची; थैली दारातून घेतली की वर, वैमानिकाच्या दिशेने, ओढत न्यावी लागते. हमालांच्या अंगातून त्या थंडीत वाफा निघत होत्या. मी पुढे धावलो तेव्हा वडिलांनी मानगूट धरली. "काहून पळतेस? पंखा थांबू दे आधी." पेट्रोलचा आणि लाखेचा वास एकत्र आला की मला अजून ती रात्र आठवते. लाख आता कुठे वितळवतात म्हणा!

तर सांगायचं हे, की मी विमान पाहतो ते त्याच्या दारापासून. थैली कुठून चढते, कोण चढवतो, कुठे मोजतात. आणि म्हणूनच माझ्या मते त्या छताखालचं खरं पाहण्यासारखं विमान तिसरं आहे, ज्याच्याकडे कुणी फारसं थांबून पाहत नव्हतं. स्टिन्सन रिलायंट. एका पंखाचं, लाल, अंगाने गुटगुटीत. वाइजमनइतकं जुनं नाही, डीएच-४ इतकं रुबाबदार नाही. एखाद्या डॉक्टरची मोटार असावी तसं.

या विमानाने काय केलं ते ऐका. पेनसिल्व्हेनिया आणि वेस्ट व्हर्जिनियात डोंगरांच्या बेचक्यात लहान लहान गावं. धावपट्टी बांधायला जागा नाही, पैसा नाही. ऑल अमेरिकन एव्हिएशन या कंपनीने १९३९ पासून तिथे न उतरता टपाल उचलायला सुरुवात केली. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत दोन खांब रोवायचे, दोन्हींच्या मध्ये दोर ताणायचा, दोराला टपालाची थैली बांधायची. विमान खाली येतं, आधी त्या गावची आलेली थैली टाकतं, आणि पोटाखाली लोंबणाऱ्या आकड्याने तो दोर उचलून वर निघून जातं. आत वैमानिकाशिवाय एक माणूस असतो, तो चरखीने दोर गुंडाळत थैली आत ओढून घेतो. मग पुढचं गाव. ही युक्ती लायटल अ‍ॅडम्स नावाच्या एका दंतवैद्याच्या डोक्यातून निघाली. दातच ओढायचा तो, दुसरं काय सुचणार! दहा वर्षं, १९४९ पर्यंत हे चाललं. म्हणजे ज्या वर्षी आमच्या नागपुरात डाकोटा उतरायला लागली, त्याच वर्षी तिकडे ही न उतरणारी विमानं थांबली.

मला त्या विमानातल्या दुसऱ्या माणसाचं वेड लागलं. वैमानिकाचं नाव होतं, फोटो होतो. हा मागे वाकलेला, जमिनीतल्या उघड्या भोकातून खाली बघत, एका हाताने टाकायचं, दुसऱ्याने उचलायचं, दर थोड्या मिनिटांनी नवं गाव. डोंगराळ हवेत विमान हिसके देणार, पोट ढवळणार. आणि चुकीची थैली चुकीच्या गावात पडली तर मागे वळायचं कसं? खाली खांबाशी उभा असलेला माणूसही तितकाच महत्त्वाचा. थंडीत, पावसात, दोर ताणून, आभाळाकडे डोळे लावून. पोस्ट चालतं ते अशा दोघांवर.

आणि गंमत अशी की ही युक्ती नवी नव्हतीच. त्याच दालनात खाली आगगाडीचा टपालडबा उभा केला आहे, आत जाता येतं. अमेरिकेतही त्याचं नाव रेल्वे मेल सर्व्हिस, म्हणजे तीच तीन अक्षरं, आरएमएस! त्यांच्या डब्याच्या दाराला लोखंडी हात असायचा, न थांबता धावणाऱ्या गाडीतून तो बाहेर काढून स्टेशनवर टांगलेली थैली झडप घालून उचलायची. विमानवाल्यांनी तेच आभाळातून केलं. डब्यात शिरलो आणि कप्प्यांची भिंत दिसली, तसे माझे हात आपोआप खांद्याच्या उंचीवर गेले. तिथला एक वयस्क स्वयंसेवक पाहत होता. मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं, इंडिया, आरएमएस, थर्टी सेव्हन इयर्स. त्याने हात पुढे केला आणि विचारलं, पाठ कशी आहे? टपालवाल्याला दुसरं काय विचारणार! मीही कमरेला हात लावून दाखवला.

शेजारी काचेच्या पेटीत ओनी आहे. आल्बनीच्या पोस्टात आलेला एक बेवारस कुत्रा, टपालाच्या थैल्यांवर झोपायचा, थैल्या निघाल्या की तोही गाडीत. जिथे जाईल तिथल्या लोकांनी त्याच्या गळ्यात बिल्ले अडकवले. १८९५ मध्ये जगप्रदक्षिणा करून आला. तो १८९७ ला गेला, त्याला भुसा भरून ठेवलं आहे, अंगावर बिल्लेच बिल्ले. नात तिथून हलेना. आमच्याही मेल ऑफिसात एक काळू होता. त्याला बिल्ला कुणी दिला नाही, पण बिस्किटं भरपूर मिळाली.

तिकिटांचं दालन वरच्या मजल्यावर, वेगळं आणि बरंच मोठं. मी तिकिटं जमवणारा नाही, माझ्या दृष्टीने तिकीट म्हणजे ज्यावर शिक्का मारायचा ते. पण उलट्या जेनीसाठी जा. १५ मे १९१८ ला वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यू यॉर्क असं नियमित विमान टपाल सुरू झालं, त्यासाठी चोवीस सेंटचं तिकीट काढलं, दोन रंगांत, मध्ये कर्टिस जेनी विमान. शंभर तिकिटांच्या एका कागदात विमान उलटं छापलं गेलं आणि तो कागद आदल्या दिवशी पोस्टाच्या काउंटरवरून विल्यम रॉबी नावाच्या माणसाने विकत घेतला. त्या काउंटरवरच्या कारकुनाचं पुढे काय झालं असेल याची मला काळजी लागून राहिली. आणि उद्घाटनाच्या दिवशी काय? राष्ट्राध्यक्ष विल्सन पाहायला आलेले, इंजिन सुरू होईना. टाकीत तेलच नव्हतं. शेवटी उडालं, तर वैमानिक जॉर्ज बॉइल उत्तरेऐवजी दक्षिणेला गेला आणि मेरीलँडमध्ये एका शेतात उतरला, पंखा मोडला. टपाल मोटारीने परत वॉशिंग्टनला. तिकिटावरच्या विमानाचा क्रमांक ३८२६२, तोच त्या दिवशी बॉइलच्या विमानावर होता. साहेब हजर असले की काहीतरी अडणारच, हा नियम बहुधा सगळ्याच देशांच्या पोस्टात आहे.

कुणी जावं? लहान मुलं असतील तर नक्की, आठ-नऊच्या पुढची. कंटाळत नाहीत, डब्यात चढायला मिळतं, ओनी आहे. गर्दी 'नॅशनल मॉल' या मोठ्या मैदानाकाठच्या म्युझियमांच्या मानाने काहीच नाही. गुडघेदुखीवाल्यांना सोयीचं आहे, सरकते जिने आहेत, बसायला जागा मिळते. तास-दीड तासात उरकतं असं जावई म्हणाले होते. आम्हाला साडेचार तास लागले, त्यातला निम्मा वेळ मी एका लाल विमानाखाली होतो. ज्यांना लढाऊ विमानं, अवकाशयानं असलं पाहायचंय त्यांनी दुसरीकडे जावं. इथे जे टांगलंय ते ओझी वाहणारं आहे.

निघताना नातीला तिथे फुकट तिकिटं निवडायला मिळाली, सहा. टेबलावर देशोदेशीच्या तिकिटांचा ढीग, हवी ती घ्या. तिने विमानांचीच शोधली. घरी आल्यावर तिने ती बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे करून लावली आणि मला विचारलं, कुठलं कुठे जातं ते चुकलं का बघा. चुकलं होतं. पोलंडचं तिकीट पेरूच्या कप्प्यात. मी काढलं नाही, तिच्याच हाताने काढायला लावलं, कारण वडीलही कधी स्वतः काढून द्यायचे नाहीत.